दुष्काळ आधी बाजारात येतो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दौंडहून भीमा ओलांडून नगरकडे निघालं की थोड्याच वेळात काष्टी लागतं. श्रीगोंदा तालुक्यातलं हे गाव लांबलांबच्या लोकांना ठाऊक आहे ते शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे. माझे वडील या बाजारात दलाली करायचे. बैलाच्या तोंडात बोटं घालून दात बघायचे, खांदा चाचपायचे, दहा पावलं चालवून बघायचे आणि मग खांद्यावरचा रुमाल काढून समोरच्याच्या हातावर टाकायचे. रुमालाखाली बोटांनी बोटं धरायची आणि भाव ठरवायचा. तोंडाने बोलायचं नाही. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी सौदा कितीला झाला हे दोघांनाच ठाऊक.

अब्बांना लिहिता-वाचता बेताचंच यायचं. पण दुष्काळ पडणार की नाही, हे ते भाद्रपदात सांगायचे. त्यांची खूण साधी होती. बाजारात गिऱ्हाइकापेक्षा दावणी जास्त दिसायला लागल्या, शेतकरी पेरणीच्या तोंडावर घेतलेली जोडी तीन महिन्यांत परत घेऊन आला, आणि विकणारा रुमालाची वाट न पाहता मोठ्याने भाव सांगायला लागला, की समजायचं. "आता रुमालाला काम नाही," असं ते घरी येऊन आईला म्हणायचे. आई त्या दिवसापासून डब्यातलं पीठ जपून काढायची.

आज मला बोलायचंय ते दुष्काळाच्या पैशाबद्दल. संकट येण्याआधी सरकारने बाजूला काढून ठेवायचा पैसा, तो कुठून आला, कुठे गेला आणि कधी पोचला, याबद्दल. विषय रुक्ष आहे हे मला माहीत आहे. कवितेच्या माणसाने या वाटेला का जावं, असंही कुणी विचारेल. पण काष्टीच्या माणसाचं निम्मं आयुष्य या पैशाने ठरवलेलं आहे, आणि त्याचा इतिहास आम्हाला कुणी शाळेत शिकवला नाही.

हीच भीमा खाली पंढरपूरला जाते आणि तिथून पुढे मंगळवेढ्याच्या शिवाराला लागते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण सगळ्यांनी कीर्तनात ऐकलेली आहे. बेदरच्या बहामनी बादशहाचा हा अंमलदार. दुष्काळ पडला, माणसं तडफडायला लागली, आणि सरकारी कोठारात धान्य भरलेलं होतं. दामाजीपंतांनी कोठार उघडलं. हुकूम आलेला नव्हता. बादशहाने त्यांना पकडून आणायला सांगितलं, तेव्हा विठू महाराच्या रूपात विठ्ठल बेदरला गेला, सगळ्या धान्याची किंमत त्याने खजिन्यात भरली आणि पावती घेतली. कीर्तनकार इथे देवाच्या करुणेवर रंगतात, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र लहानपणापासून त्या पावतीचं नवल वाटतं. देवालासुद्धा पावती घ्यावी लागली! म्हणजे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे की कोठार भरलेलं असणं वेगळं आणि ते वेळेवर उघडणं वेगळं. मध्ये मंजुरी असते.

कोठार होतं तशी गावाची स्वतःचीही तजवीज होती. ज्वारीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, आतून लिंपलेली, तोंड मातीने बंद केलेली. पिकलेल्या वर्षाची ज्वारी न पिकलेल्या वर्षासाठी त्यात थांबायची. तलाव होते. नगरजवळच्या भातोडीचा तलाव निजामशाहीतल्या सलाबतखानाच्या काळचा. (१६२४ च्या लढाईत मलिक अंबरने याच तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला, म्हणून तो इतिहासाच्या पुस्तकात आला. त्या पाण्यावर किती वर्षं किती गव्हाळी पिकली, हे मात्र पुस्तकात नाही.)

आता इंग्रजी अमदानीकडे येऊ. १८७५ साली श्रीगोंदा, पारनेर या भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून ते प्रसिद्ध आहेत. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, पाऊस गेला. ज्याची पत आधीच संपली होती त्याच्यावर दुष्काळ आला. सरकारने कामं काढली. त्यातलं आमच्या दाराशी आलेलं मोठं काम म्हणजे दौंड-मनमाड रेल्वे, सुमारे १४६ मैलांची. भुकेलेल्या बायाबापड्यांनी डोक्यावर पाट्या वाहून मातीचा भराव घातला आणि १८७८ मध्ये या मार्गावर गाडी सुरू झाली. काष्टीचं स्टेशन याच मार्गावर आहे. आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणायची, रुळाखालची माती दुष्काळातली आहे, म्हणून ती बसत नाही. ती का बसत नाही हे इंजिनियरला ठाऊक. पण ती कुणी टाकली हे त्या म्हाताऱ्यांना नीट ठाऊक होतं.

त्या कामांवर मजुरी किती द्यायची यावरून जो वाद झाला, तो आजही वाचण्यासारखा आहे. व्हाइसरॉयने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागाच्या दौऱ्यावर पाठवलं होतं. खर्च आवरा, हा त्यांना आदेश. मजुराला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडी चिल्लर, एवढ्यावर तो खडी फोडू शकतो, असं टेंपलसाहेबांनी ठरवलं. आमच्या इलाख्यातल्या हजारो मजुरांनी १८७७ च्या सुरुवातीला कामं सोडली. उपाशी माणसाने संप केला! पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, आणि त्यांचे सहकारी ठिकठिकाणची माहिती गोळा करून सरकारला पाठवत राहिले. टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

या दुष्काळानंतर सरकारला पहिल्यांदा वाटलं की पैसा आधीच बाजूला काढून ठेवायला हवा. १८७८ मध्ये दुष्काळविम्याची तरतूद झाली, वर्षाला दीड कोटी रुपये. ती उभी करायला व्यापारधंद्यावर लायसन्सचा कर बसवला. सुरतेत त्यावरून दंगा झाला. लॉर्ड लिटन यांनी शब्द दिला की हा पैसा दुष्काळाखेरीज कशालाही लागणार नाही. वर्ष उलटतं न उलटतं तोच अफगाणिस्तानची लढाई आली आणि शब्द मागे पडला. एक गोष्ट ध्यानात घ्या. तो पैसा कुठे वेगळ्या पेटीत ठेवलेला नव्हताच. अंदाजपत्रकातली ती एक ओळ होती, आणि ओळ पुसायला फार वेळ लागत नाही. पुढे ती परत लिहिली गेली. रेल्वे आणि कालवे यांवर त्यातून खर्च झाला. पण पहिल्या दोन वर्षांतच आपल्या लोकांना जे कळायचं ते कळलं होतं.

त्याच सुमारास रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग बसला आणि त्यातून फॅमिन कोड आलं, म्हणजे दुष्काळात कोणी काय करायचं याचे लेखी नियम. हे नियम इंग्रजीत कचेरीत पडून होते. १८९६ मध्ये पुन्हा पाऊस गेला, तेव्हा टिळकांनी 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या माणसांकरवी हे नियम गावोगाव पोचवले. सारा तहकूब मागा, काम मागा, तो तुमचा हक्क सरकारनेच लिहून ठेवलाय, असं शेतकऱ्याला सांगितलं. सरकार इतकं चिडलं की १८९७ मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली. स्वतःचाच कायदा लोकांना वाचून दाखवला म्हणून कुणावर सरकार रागावल्याचं दुसरं उदाहरण शोधावं लागेल.

१९०१ च्या आयोगाचा अहवाल मला फार आवडतो. अध्यक्ष होते सर अँथनी मॅकडोनेल. दुष्काळ जाहीर व्हायच्या आधी तो कसा ओळखायचा, याच्या खुणा त्यात दिलेल्या आहेत. सावकार हात आखडता घेतो. दानधर्म आटतो. धान्यबाजारात एकाएकी लगबग सुरू होते. चोऱ्या वाढतात. माणसं भटकायला लागतात. आणि गुरांचे कळप चाऱ्याच्या शोधात नेहमीची वाट सोडून हिंडायला लागतात. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं आणि मग अब्बांची आठवण आली. साहेबांनी एवढा आयोग नेमून जे लिहिलं ते आमच्या घरात रुमालाच्या भाषेत बोललं जात होतं.

पुढचा टप्पा १९१९ च्या सुधारणा कायद्याचा. त्याखालच्या नियमांनी प्रत्येक प्रांताने दरवर्षी आपल्या उत्पन्नातून दुष्काळविमा निधीत ठरावीक रक्कम टाकायची असं ठरलं. मद्रासचा वाटा होता ६ लाख ६१ हजार. बंगालचा २ लाख. मुंबई इलाख्याचा ६३ लाख ६० हजार, सर्व प्रांतांत जास्त. कारण उघड होतं. दुष्काळ आमच्याकडे सारखा यायचा, म्हणून त्यावरचा खर्चही आमच्याकडेच सर्वांत मोठा. हा आकडा लक्षात ठेवा, याची गाठ आपल्याला शेवटी पुन्हा पडणार आहे. आमच्याच तालुक्यात हंगा नदीवरचा विसापूरचा तलाव १९२७ मध्ये पुरा झाला. दौंड-मनमाड गाडीने नगरला जाताना विसापूर स्टेशन लागतं. दुष्काळ, रेल्वे आणि तलाव असा आमचा सगळा भूगोल त्या एका गाडीच्या खिडकीतून दिसतो.

मी १९७२ चा. म्हणजे आमच्याकडे जन्मसाल सांगितलं की समोरचा आधी "बहात्तरच्या दुष्काळातला?" असंच विचारतो. आईने मला कामावर नेलं होतं. ती खडी फोडायची आणि मी बाभळीला बांधलेल्या झोळीत असायचो. मुलांना सुकडी मिळायची, मोठ्यांना रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो. त्याची भाकरी थापता यायची नाही, ती फुटायची, असं आई शेवटपर्यंत सांगायची. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. म्हणजे म्हातारेकोतारे, तान्ही मुलं सगळी धरून दहातलं एक माणूस खडी फोडत होतं किंवा माती उचलत होतं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. माणसं देशोधडीला लागली, गुरं मेली, पण १८७७ सारखे उपासमारीचे मृत्यू झाले नाहीत. ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे या गोष्टीचा बारकाईने अभ्यास केला. मोर्चे निघाले, घेराव झाले, विधानसभा तापली, आणि काम देणं सरकारला भाग पडलं.

त्यातून एक अशी गोष्ट जन्मली की जिचा महाराष्ट्राने अभिमान बाळगावा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिचा पैसा कुठून आला? शहरातून. १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला. आजही पगारदार माणसाच्या पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. ते कशाबद्दल, हे दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही. मुंबईच्या कचेरीतल्या कारकुनाने श्रीगोंद्याच्या मजुरासाठी द्यायचा तो पैसा होता. शिवाय बागायती जमिनीवर, विक्रीकरावर, मोटारींवर जादा आकार. आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालायची.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळी होती. या योजनेत दुष्काळ जाहीर व्हायची गरज नव्हती. मजुराने काम मागितलं की पंधरा दिवसांत ते द्यायचं, नाहीतर भत्ता द्यायचा. कधी सुरू करायचं हे मजुराच्या हातात गेलं. दामाजीपंतांपासून जी किल्ली वर होती ती पहिल्यांदा खाली आली. पुढे त्या निधीत शिल्लक पडून राहू लागली, हजेरीपटावर खोटी नावं चढली, हे सगळं झालं. तरी सांगतो, आपल्या इतिहासात ही एकच तरतूद मला अशी दिसते की जी संकटाच्या आधी, गरजवंताच्या तोंडच्या शब्दावर सुरू व्हायची.

जनावरासाठी असं काही कधी झालं नाही.

दरम्यान निधीची नावं बदलत गेली. स्वातंत्र्यानंतरच्या वित्त आयोगांनी राज्यांसाठी नैसर्गिक आपत्तीची थोडी रक्कम धरायला सुरुवात केली होती, तिला मार्जिन मनी म्हणत. १९९० पासून नवव्या वित्त आयोगाच्या शिफारशीने प्रत्येक राज्याचा आपत्ती निवारण निधी झाला. त्यात तीन हिस्से केंद्राचे आणि एक राज्याचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दुष्काळाखेरीजही काही असतं हे राज्याच्या यंत्रणेला कळलं. मंत्रालयातला नियंत्रण कक्ष आणि जिल्ह्यांचे आराखडे ही त्यानंतरची गोष्ट. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्सुनामी त्याआधी सात महिन्यांची. त्या वर्षाच्या अखेरीस संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला, आणि २०१० पासून निधी 'राज्य आपत्ती प्रतिसाद निधी' या नावाने आला. प्रतिसाद! शब्दच सांगतो की आधी कुणीतरी हाक मारायला हवी.

आता २०१८ सालाकडे येऊ. तो पावसाळा आमच्याकडे ऑगस्टमध्येच आवरला. सप्टेंबरपासून काष्टीच्या बाजारात दावणी वाढल्या. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने दसरा-दिवाळीच्या मधल्या शनिवारी आपली खिलार जोडी विकली. तीन वर्षांपूर्वी घेतलेली, सहादाती, कामाला पुरी. कडबा परवडेना आणि विहिरीने तळ दाखवला होता. जोडी निम्म्या किमतीला गेली. आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत, घरी परत आणतात. त्यांनी ती दोन दावी गोठ्यातल्या खुंटीला अडकवली.

त्या वर्षीच्या तारखा मी नंतर जुळवून पाहिल्या. २३ ऑक्टोबरला सरकारने १८० तालुक्यांत दुष्काळसदृश परिस्थिती असल्याचं सांगितलं. ३१ ऑक्टोबरला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. ही पद्धत नवी होती. पूर्वी आणेवारी असायची, पन्नास पैशांच्या आत आली की गाव दुष्काळी. २०१६ च्या केंद्राच्या नियमावलीनंतर ती मागे पडली आणि ट्रिगर आले. पहिला ट्रिगर पावसाचा. दुसऱ्यात पेरणीचं क्षेत्र, उपग्रहाने पाहिलेली हिरवळ, जमिनीतली ओल, धरणं आणि भूजल. मग काही गावांत प्रत्यक्ष पाहणी. शास्त्र म्हणून यात वावगं काही नाही, आणेवारीच्या नजरअंदाजापेक्षा ते बरंच. पण १९०१ च्या साहेबाने कळपांकडे बघायला सांगितलं होतं, ते पहिल्या ट्रिगरमधून गेलं. उपग्रहाला हिरवळ दिसते, दावण दिसत नाही.

छावण्यांचा आदेश निघाला जानेवारी २०१९ च्या अखेरीस, आणि प्रत्यक्ष छावण्या उभ्या राहिल्या त्यानंतर. पाण्याची, चाऱ्याची सोय झाली, कानाला बारकोडचे बिल्ले लागले, रोज मोजणी झाली. बिल्ल्यांचं कारणही समजण्यासारखं होतं. २०१२ नंतरच्या दुष्काळातल्या छावण्यांच्या हिशेबाची प्रकरणं न्यायालयापर्यंत गेलेली होती. ज्या छावण्या नीट चालल्या त्यांनी हजारो जनावरं वाचवली, आणि ते मी स्वतः पाहिलं आहे. छावणीत बायका रात्री जनावरांपाशी झोपायच्या, तिथेच चूल, तिथेच पोरांचा अभ्यास. चारा म्हणून बहुतेक ऊस. दुष्काळी तालुक्यात छावणीला ऊस कुठून येतो, हा प्रश्न कुणी विचारला की सगळे हसायचे. पण ती दुसऱ्या भाषणाची गोष्ट आहे.

तर छावणी उघडली तेव्हा आमच्या त्या शेतकऱ्याकडे न्यायला जनावर नव्हतं. आदेश लवकर निघाला असता तर त्यांनी जोडी विकली नसती, असं ते म्हणतात. मी त्यांना विचारलं, तुम्ही मागणी का केली नाही? ते म्हणाले, "कुणाकडे? दुष्काळ तर अजून झालाच नव्हता."

इथे एक कडू गोष्ट सांगणं भाग आहे. २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला. त्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, आणि माझ्या नावाच्या माणसाने त्यावर काय बोलावं हे ऐकणारे आधीच ठरवून बसलेले असतात. मी फक्त बाजाराचं सांगतो. म्हाताऱ्या, थकल्या बैलाला आता गिऱ्हाईक जवळजवळ नाही. पूर्वी दुष्काळात असा बैल आधी विकला जायचा आणि धडधाकट जोडी राहायची. आता धडधाकट जोडी विकली जाते, कारण तिलाच भाव येतो, आणि म्हातारा बैल दारात राहतो. अशा बैलाचा चारा कुणी द्यायचा, हा प्रश्न कायद्याच्या बाजूने असलेल्यांनीही विचारायला हवा होता.

आणि निकष पाहा. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या निकषांत आपत्तीत मेलेल्या दुभत्या जनावराला ३७,५०० रुपये, ओढकाम करणाऱ्या बैलाला ३२,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये मदत आहे. मेलेल्या बैलाला दर आहे. दुष्काळाच्या भीतीने निम्म्या किमतीत विकलेल्या बैलाला नाही. तो कुठल्याच नोंदीत नाही, कारण बाजार समितीच्या दृष्टीने तो एक राजीखुशीचा सौदा होता.

आता मी म्हटलं होतं त्या आकड्याकडे येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांचा आपत्तीचा पैसा ठरवला. वाटप करताना राज्याने पूर्वी आपत्तींवर केलेला खर्च, क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि धोक्याचा निर्देशांक पाहिला. सर्वांत मोठा वाटा कुणाला आला? महाराष्ट्राला. शंभर वर्षांपूर्वी ६३ लाख ६० हजारांनी मुंबई इलाखा पहिला होता, आजही आपण पहिले. १९२१ मध्ये जो हिशेब मागच्या खर्चावरून झाला, तोच बराचसा अजून मागच्या खर्चावरून होतो. ज्याने आधी खूप खर्च केला त्याला पुढे खूप मिळतं. ज्याने नुकसान होऊच दिलं नाही त्याचा खर्च दिसत नाही.

एक गोष्ट मात्र या आयोगाने नवी केली आणि ती नोंदवायला हवी. शंभर रुपयांतले ४० तातडीच्या मदतीला, ३० पुन्हा उभारणीला, १० पूर्वतयारीला, आणि २० रुपये आपत्तीची झळ कमी करायला, म्हणजे सौम्यीकरणाला, असे वेगळे काढले. लिटनसाहेबांच्या एका ओळीपेक्षा हे खूप पुढचं पाऊल आहे. पहिल्यांदाच 'आधी' या शब्दासाठी वेगळी पिशवी शिवली गेली. चारा साठवण, विहीर पुनर्भरण, बंधाऱ्यांची दुरुस्ती यांचा विचार त्या वीस रुपयांत व्हायला जागा आहे. माझी तक्रार एवढीच आहे की या वीस रुपयांसाठी मोर्चा निघत नाही. गेल्या दीडशे वर्षांत जे मिळालं ते ओरडल्यावर मिळालं. १८७७ च्या संपकऱ्यांनी ओरडा केला, बहात्तरला बायांनी लाटणी-थाळ्या घेऊन ओरडा केला. न आलेल्या संकटासाठी कोण ओरडणार? वीजतारा, पाणी, पीकविमा, यासाठी माणूस रस्त्यावर येतो. पुढच्या वर्षीच्या कडब्यासाठी येत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात तर सगळंच उलटं झालं. ज्या सीनेच्या काठी आम्ही टँकर मोजायचो तिथे पुरात गोठे गेले, जमिनीची माती वाहून गेली. ७ ऑक्टोबरला सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. मेलेल्या जनावरांच्या मदतीवरची कुटुंबामागे तीनची मर्यादा त्या वेळी काढून टाकली, हे चांगलं झालं. एवढी मोठी रक्कम एका ऋतूच्या नुकसानीला लागली. त्यातला किती हिस्सा आधी, नाले मोकळे करायला, काठावरचे गोठे हलवायला लागला असता, याचा हिशेब कुणीतरी बसून करावा. मला तो येत नाही, मी बी.ए. मराठीचा.

मला येतो तो एवढाच हिशेब. काष्टीच्या बाजारात विकलेल्या प्रत्येक जनावराची पावती फाटते. किती जनावरं आली, किती विकली, बैल किती, गायी किती, हे दर शनिवारी संध्याकाळी तिथल्या पावतीपुस्तकांत असतं. सप्टेंबर २०१८ चंही तिथेच नोंदलं गेलं असणार. ते पुस्तक उघडून, या शनिवारी मागच्यापेक्षा दुप्पट जोड्या का आल्या, असं दौंडला, श्रीगोंद्याला, नगरला किंवा मंत्रालयात कुणी कुणाला विचारावं, एवढीच माझी सूचना आहे. त्याला उपग्रह लागत नाही. महिन्यातून चार वेळा एक फोन लागतो, आणि एक असा माणूस की ज्याला तो आकडा ऐकून चारा हलवायचा अधिकार आधीच दिलेला आहे.

अब्बा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांचा रुमाल माझ्याकडे आहे. गेल्या उन्हाळ्यात त्या शेतकऱ्यांकडे गेलो होतो. त्यांनी आता एक गाय घेतली आहे, बैल घेतले नाहीत, नांगरट ट्रॅक्टरने करतात. खुंटीवर ती दोन दावी अजून होती. मी त्यांच्याकडे बघतोय हे पाहून ते म्हणाले, "राहू दे, कधी लागली तर."